उगवणारं वारूळ

सुरुवातीला पडद्यावरचं चित्र जरा नीट बघून घ्या, कारण पुढचा तासभर आपण याच एका वस्तूभोवती फिरणार आहोत. उंच झाडाची फांदी आहे. तिला एक तपकिरी गाठ चिकटलेली आहे, साधारण सोललेल्या नारळाएवढी. अंगावर काटे आहेत आणि डोक्यावर जाडसर पानांचा तुरा. आता दुसरं चित्र. तीच गाठ उभी चिरलेली. आत बोगदे, वळणं, दालनं, एकावर एक मजले. काही दालनांच्या भिंती गुळगुळीत, काहींच्या खरबरीत, बारीक पुटकुळ्या आल्यासारख्या. चिरताना या सगळ्यातून मुंग्यांचा लोंढा बाहेर येतो, तो चित्रात दिसत नाही एवढंच.

या वनस्पतीचं नाव मिर्मेकोडिया. ग्रीक भाषेत मुंगीला जो शब्द आहे त्यावरून ते घेतलंय. हिची एक सख्खी बहीण आहे, हिडनोफायटम. तिची गाठ बहुधा बिनकाट्यांची, पण आतून मामला तोच. दोघी आग्नेय आशियापासून न्यू गिनीपर्यंतच्या पट्ट्यातल्या. कूळ मात्र आपल्या अगदी ओळखीचं. कॉफी याच कुळातली, आणि आयुर्वेदातली मंजिष्ठाही. कुळाचं शास्त्रीय नावच मंजिष्ठेच्या प्रजातीवरून पडलेलं आहे.

एक गैरसमज आधीच दूर करू. झाडावर दुसरं काही उगवलेलं दिसलं की आपण लगेच म्हणतो, बांडगूळ. आमरी दिसली तरी बांडगूळ, नेचा दिसला तरी बांडगूळ. मराठीत माणसांनाही ती शिवी आहे. खरं बांडगूळ यजमान झाडात मुळं घुसवून त्याचा रस ओढतं. मिर्मेकोडिया तसलं काही करत नाही. ती अपिवनस्पती आहे. झाडावर नुसती बसलेली, उंचीवरचा उजेड घेण्यापुरती. कुणाचं काही घेत नाही. पण मग तिची अडचण अशी की खाली माती नाही. पाणी पावसाचं मिळेल, उजेड मिळेल, पण नायट्रोजन, फॉस्फरस कुठून आणायचा? ही अडचण लक्षात ठेवा. तिचं उत्तर सापडायला माणसाला जवळजवळ तीनशे वर्षं लागली, आणि ती तीनशे वर्षं हाच आजचा विषय आहे.

गोष्ट सुरू होते अंबोन बेटावर, आजच्या इंडोनेशियातल्या मोलुक्का बेटांत. लवंगेच्या व्यापारासाठी डच ईस्ट इंडिया कंपनीनं हे बेट ताब्यात ठेवलं होतं. १६५४ साली तिथे एक जर्मन माणूस कंपनीच्या नोकरीत आला. गेऑर्ग एबरहार्ड रुम्फ, लॅटिन धाटणीनं रुम्फियस. आला सैनिक म्हणून, झाला व्यापारी अधिकारी, आणि उरलेला सगळा वेळ त्यानं झाडं, शिंपले, खेकडे, दगड यांत घालवला.

या माणसाच्या नशिबात जे आलं ते सांगताना मला दर वेळी थांबावंसं वाटतं. १६७० मध्ये तो आंधळा झाला. ज्याचं सगळं काम बघण्याचं, त्याची दृष्टी गेली. १६७४ च्या फेब्रुवारीत अंबोनला मोठा भूकंप झाला, त्यात पत्नी सुझाना आणि मुलगी दोघी गेल्या. एका पांढऱ्या आमरीला त्यानं सुझानाचं नाव दिलं होतं. त्याच प्रजातीतली एक आमरी आपल्या सह्याद्रीतही पावसाळ्यात फुलते. १६८७ मध्ये गावाला आग लागली आणि वर्षानुवर्षं काढून घेतलेली चित्रं जळाली. त्यानं पुन्हा काढून घ्यायला सुरुवात केली. लेखनिक आणि चित्रकार हाताशी घेऊन, मुलाच्या मदतीनं, बोलून लिहवून घेत तो पुढे जात राहिला. हस्तलिखिताचा पहिला भाग हॉलंडला निघाला, तर १६९२ मध्ये फ्रेंचांनी ते जहाजच बुडवलं. नशीब एवढंच की बटाव्हियाचा गव्हर्नर जनरल काम्फौस याला झाडांची आवड होती आणि त्यानं जहाज सुटण्याआधी एक प्रत करून ठेवली होती. ती प्रत १६९६ मध्ये पोचली. आणि कंपनीनं ती छापलीच नाही! इतकी उपयोगी माहिती स्पर्धकांच्या हाती पडायला नको म्हणून. रुम्फियस १७०२ मध्ये वारला. ग्रंथ छापायला सुरुवात झाली १७४१ मध्ये, म्हणजे एकोणचाळीस वर्षांनी.

याच काळात, याच कंपनीचा आणखी एक अधिकारी, व्हान रीड, कोचीला बसून मलबारच्या वनस्पतींवर बारा खंड काढत होता. ते मात्र त्याच्या हयातीतच छापले जाऊ लागले. त्याच्या मदतीला इट्टी अच्युतन हे वैद्य होते आणि रंग भट, विनायक पंडित, अप्पू भट हे तीन कोंकणी ब्राह्मण. त्यांचं नागरी लिपीतलं प्रमाणपत्र १६७८ च्या पहिल्या खंडात छापलेलं आहे. नागरी अक्षरं छापली गेल्याचा हा अगदी सुरुवातीचा नमुना. सांगायचा मुद्दा, या पुस्तकांवर नाव एका युरोपियनाचं असतं, पण आतलं ज्ञान पुष्कळदा गावातल्या माणसांचं असतं. व्हान रीडनं निदान काही नावं छापली.

तर या रुम्फियसच्या ग्रंथाच्या सहाव्या खंडात आपली गाठ येते. तो तिला म्हणतो ‘निडुस जर्मिनान्स’. उगवणारं घरटं. आपण मराठीत म्हणू, उगवणारं वारूळ. त्याचेही त्यानं दोन प्रकार केले, एक लाल मुंग्यांचं आणि एक काळ्या मुंग्यांचं. त्याची कल्पना अशी की मुंग्यांनी आधी वारूळ बांधलं आणि त्या वारुळालाच कोंब फुटला. बी नाही, मूळ झाड नाही. घरट्यातून झाड.

आज हसू येतं. पण जरा त्याच्या जागी उभे राहा. सजीव आपोआप जन्मतात ही समजूत त्या काळी विद्वानांतही होती. गाठ उघडली की मुंग्या मिळतात, दर वेळी मिळतात. मुंगीशिवायची गाठ कुणी पाहिलेलीच नाही. मग झाड कुठे संपतं आणि वारूळ कुठे सुरू होतं, हे ठरवायचं कसं? माझं मत विचाराल तर रुम्फियसची चूक ही नंतरच्या पुष्कळांच्या बरोबर उत्तरांपेक्षा सत्याच्या जवळ होती. त्यानं झाड आणि मुंगी ही एकच वस्तू म्हणून बघितली. नंतरच्यांनी आधी झाड वेगळं काढलं, मुंग्या झटकून टाकल्या, आणि मग विचारलं की यांचा संबंध काय.

झटकून टाकण्याचं काम सुरू झालं १८२३ पासून. विल्यम जॅक नावाचा स्कॉटिश डॉक्टर सुमात्रात बेंकूलेनला स्टॅमफर्ड रॅफल्सबरोबर होता. त्यानं या दोन्ही वनस्पतींना आजची शास्त्रीय नावं दिली. लेख छापून आला तेव्हा तो जिवंत नव्हता. १८२२ मध्येच, सत्ताविशीत, वारला. पुढे १८२४ मध्ये रॅफल्सचं जहाज जळालं, त्यात त्याचे कागद आणि नमुनेही गेले. या वनस्पतीच्या वाटेला आग आणि जहाजं फार आली.

आता एकदम साठ वर्षं पुढे जाऊ, कारण खरी भांडणं तिथे आहेत.

डार्विनचं पुस्तक १८५९ मध्ये येऊन गेलेलं. मग प्रत्येक अवयवाला प्रश्न विचारला जाऊ लागला, तू कशासाठी? १८७४ मध्ये थॉमस बेल्ट यानं निकाराग्वातल्या एका बाभळीच्या जातभाईबद्दल लिहिलं, की तिच्या पोकळ काट्यांत राहणाऱ्या मुंग्या पानं खाणाऱ्या किड्यांना आणि जनावरांना हाकलतात. म्हणजे मुंग्या भाडेकरू नाहीत, पगारी रखवालदार आहेत. मग मलाया-जावातल्या गाठीकडेही लोक त्या नजरेनं बघू लागले.

एका बाजूला इटालियन प्रवासी शास्त्रज्ञ ओडोआर्दो बेक्कारी. सारावाक आणि न्यू गिनीचं जंगल त्यानं पायाखाली घातलेलं. त्याच्या ‘मालेशिया’ या ग्रंथाचा दुसरा खंड, १८८४ ते १८८६ मधला, मुंग्यांना आसरा देणाऱ्या झाडांवरच आहे, आणि त्यातली चित्रं अजून कुणी ओलांडलेली नाहीत. त्याचं म्हणणं, मुंग्यांच्या चावण्या-कुरतडण्यानं रोपाला गाठ येते, मुंगी लागली नाही तर रोप पुढे जगतच नाही. पिढ्यानपिढ्या असं होत होत ती गाठ आता वारशानं उतरते.

दुसऱ्या बाजूला मेल्शियर ट्रॉयब. जावात बॉयटेनझॉर्गच्या, म्हणजे आजच्या बोगोरच्या, वनस्पती उद्यानाचा डच संचालक. शिस्तीचा माणूस. त्यानं साधी गोष्ट केली. बी पेरलं आणि मुंग्या लागू दिल्या नाहीत. काय झालं? रोप उगवलं, बुडाशी गाठ फुगली, आणि गाठीत पोकळी आपोआप तयार झाली! गाठीच्या आत पेशींचा एक नळीसारखा थर तयार होतो, त्याच्या आतला भाग वाळतो, मरतो, आणि जागा रिकामी होते. दारसुद्धा झाड स्वतः उघडतं. मुंग्यांनी एक कण कुरतडलेला नाही. ट्रॉयबनं हे १८८३ मध्ये छापलं. हेन्री फोर्ब्ज या स्कॉटिश निसर्गअभ्यासकालाही जावात रोपं वाढवताना हेच दिसलं होतं. हा तोच फोर्ब्ज, ज्यानं झाडावरच्या आमरींचा झुपका ओढायला हात घातला आणि त्यातल्या या गाठींतल्या मुंग्यांनी त्याला डोक्यापासून पायापर्यंत फोडून काढलं.

इथवर ट्रॉयब शंभर टक्के बरोबर. पण त्यानं पुढची उडी मारली. पोकळ्या मुंग्यांनी केल्या नाहीत, म्हणजे त्या मुंग्यांसाठी नाहीत. त्या हवा खेळती राहावी म्हणून असणार. मुंग्यांशिवाय रोपं छान वाढतात, म्हणजे झाडाला मुंग्यांची गरज नाही. थोडक्यात, मुंग्या म्हणजे आयत्या बिळावर नागोबा.

यात गोम कुठे आहे बघा. ट्रॉयबची रोपं बागेत होती. कुंडीत, निगराणीखाली. ज्याला रोज घरचं ताट वाढलेलं आहे त्याला स्वयंपाकीण लागते की नाही, हे तुम्ही कसं ठरवणार? प्रयोग चोख होता, पण त्यानं उत्तर दिलं ते ‘गाठ कशानं होते’ या प्रश्नाचं. ‘गाठ कशाला उपयोगी पडते’ हा प्रश्न वेगळा. दोन प्रश्नांची एवढी सरमिसळ झाली की पुढची नव्वद वर्षं तिनं खाल्ली. बेक्कारीची बाजू तर आणखीच विचित्र. कारण चुकीचं सांगितलं, पण मुंगी आणि झाड यांचं नातं खरं आहे ही त्याची पकड बरोबर होती. प्रयोगशाळेनं जंगलात फिरणाऱ्या माणसाला हरवलं, आणि हरवताना त्याचं बरोबर तेही फेकून दिलं.

मध्ये एक माणूस दारापर्यंत पोचला होता. हुगो मीहे, जर्मन. १९११ मध्ये त्यानं जावातल्या मिर्मेकोडियाची दालनं एकेक करून तपासली. त्याला दिसलं की मुंग्या आपली पिल्लं गुळगुळीत दालनांत ठेवतात आणि विष्ठा, मेलेले किडे, कचरा टाकतात खरबरीत दालनांत. म्हणजे माजघर वेगळं आणि उकिरडा वेगळा. आता उकिरडा म्हटल्यावर शेतकऱ्याच्या घरच्या कुणालाही पुढचं वाक्य सुचेल. मीहेलाही सुचलं, की त्या भिंतीवरच्या पुटकुळ्या खत शोषत असतील. पण ते दाखवायचं साधन त्याच्याजवळ नव्हतं. मुंग्यांचा त्या काळचा सर्वात मोठा अभ्यासक, अमेरिकेचा व्हीलर, मुंगी-झाडाच्या या गोडगोड कथांबद्दल साशंक होता. विषय मागे पडला.

साधन आलं ते अणुयुगातून. किरणोत्सर्गी मूलद्रव्यांचा माग काढता येऊ लागला.

त्याआधी एक पायरी आहे. डॅनियल जॅन्झन यानं १९६६ मध्ये मध्य अमेरिकेतल्या बाभळीवर प्रयोग करून बेल्टचं रखवालदाराचं म्हणणं खरं ठरवलं होतं. मग तो सारावाकमध्ये बाकोच्या जंगलात गेला. तिथली जमीन पांढऱ्या वाळूची, अतिशय नापीक, झाडं खुरटी. त्याच्या लक्षात आलं की या गाठीतल्या मुंग्या रखवालीच्या कामाच्या नाहीतच. १९७४ च्या लेखात त्यानं मांडलं की इथे सौदा वेगळा आहे. झाड घर देतं आणि मुंग्या खत देतात. आणि अशा वनस्पती मुबलक दिसतात त्या नेमक्या नापीक जागी.

१९७८ मध्ये कॅमिला हक्सली यांचं काम आलं, पापुआ न्यू गिनीतलं. किरणोत्सर्गी खूण केलेली द्रव्यं वापरून त्यांनी पाहिलं, तर खरबरीत भिंती ती आत घेतात, आणि मुंग्यांना खाऊ घातलेलं अखेर झाडात पोचतं. पुढच्याच वर्षी रिक्सन या अमेरिकन शास्त्रज्ञानं हिडनोफायटमवर खूण केलेल्या फळमाशीच्या अळ्यांनी हेच दाखवलं. अळ्या मुंग्यांनी नेल्या, आणि खूण सापडली झाडाच्या अंगात. दोनशे अठ्ठावीस वर्षांपूर्वी छापलेल्या ‘उगवणाऱ्या वारुळा’ला अखेर आपलं मूळ सापडलं. ते मूळ गाठीच्या आतल्या भिंतीवर होतं.

एक शेजारी यात आणायलाच हवा. डिस्किडिया नावाची वेल, आपल्या रुईच्या कुळातली. तिची काही पानं पिशवीसारखी फुगतात, मुंग्या त्यात राहतात, आणि वेल आपलं मूळ त्या पिशवीत सोडते. १९९५ मध्ये हिच्या एका जातीचा हिशेब लावला गेला. पानांतला सुमारे ३९ टक्के कार्बन मुंग्यांच्या श्वासातून आलेला आणि २९ टक्के नायट्रोजन त्यांच्या कचऱ्यातून! भाडं श्वासानंसुद्धा वसूल होतं.

आपल्याकडचं म्हणाल तर पश्चिम घाटाच्या कर्नाटक-केरळ भागात हंबोल्टिया नावाचं झाड आहे. अपिवनस्पती नाही, जमिनीवरचं आहे, पण त्याच्या फुगीर पोकळ पेरांत मुंग्या राहतात, आणि चक्क एक गांडूळही. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत रेने बोर्जेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर बरीच वर्षं काम केलं. त्यांना दिसलं की नुसत्या मुंग्याच नव्हे, तर हे बिनबोलावलेले पोटभाडेकरूही झाडाला नायट्रोजन देतात. ट्रॉयबला हे ऐकवायला हवं होतं.

आता शेवटचा टप्पा, आणि मला यातला सगळ्यात आवडणारा. जागा फिजी. वनस्पती त्याच गोतावळ्यातली, स्क्वामेलारिया. हे नाव कुणी ठेवलं? आपल्याच बेक्कारीनं, त्याच ‘मालेशिया’त. २०१६ मध्ये गियोम शोमिकी आणि सुझान रेनर या दोघांनी तिथलं निरीक्षण छापलं. फिलिड्रिस नागासाऊ नावाची छोटी मुंगी स्क्वामेलारियाच्या सहा जातींची फळं फोडून बी काढते, झाडाच्या सालीतल्या फटीत नेऊन पेरते आणि पेरलेल्या जागेवर राखण करते. रोप उगवतं, पहिली इवलीशी पोकळी तयार होते. ती राहण्याइतकी मोठी नसते. तरी कामकरी मुंग्या आत जातात आणि विष्ठा टाकून येतात. घर बांधून व्हायच्या आधीच खत! ही मुंगी इतर कुठे राहतच नाही, आणि झाडालाही ही मुंगी लागतेच. डीएनएवरून काढलेल्या अंदाजानुसार ही शेती सुमारे ३० लाख वर्षं चालू आहे. माणसाची शेती जेमतेम बारा हजार वर्षांची. पुढच्या कामात, २०२० मध्ये, हेही दिसलं की या मुंग्या उन्हातल्या जागा निवडून पेरतात. उन्हात फुलांकडून मिळणारा खाऊ जास्त असतो.

म्हणजे बघा, मुंगीशिवाय रोप जगत नाही हे बेक्कारीचं वाक्य, जे ट्रॉयबनं जावात खोडून काढलं, ते फिजीत, बेक्कारीनंच नाव ठेवलेल्या वनस्पतीत, वेगळ्या कारणानं का होईना, खरं निघालं. जावाचं उत्तर जावापुरतं होतं.

वेळ होत आलाय. एक चिठ्ठी आली आहे, ती घेतो. विचारलंय, ‘इंडोनेशियातून मुंग्यांच्या वारुळाची म्हणून एक पूड मिळते, ती हीच का? कॅन्सरवर चालते का?’

हो, हीच. तिकडे तिला ‘सारांग सेमुत’ म्हणतात, शब्दशः मुंग्यांचं घरटं. रुम्फियसनं लॅटिनमध्ये जे लिहिलं तेच. पापुआच्या जंगलातून मिर्मेकोडियाच्या गाठी काढतात, चकत्या करून वाळवतात, आणि गेल्या वीसेक वर्षांत त्याचा मोठा बाजार झालाय. प्रयोगशाळेत, नळीतल्या पेशींवर काही परिणाम दिसले आहेत. पण माणसांवर नीट चाचण्या करून कॅन्सर बरा होतो असं सिद्ध झालेलं नाही, आणि घरात कुणी आजारी असेल तर कृपा करून डॉक्टरांचे उपचार थांबवून ही पूड सुरू करू नका. दुसरं असं की हा माल मुख्यतः रानातूनच ओरबाडला जातो. अशी मोठी गाठ व्हायला वर्षं जातात. आणि चकत्या करण्याआधी गाठ फांदीवरून खाली पाडतात, मुंग्या झटकून टाकतात.